‘आमच्या वेळी’ : छडी, मूल आणि गुन्हा

मराठीत ‘शिक्षा’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे छडी येते, कोठडी येते, दंड येतो. संस्कृतात याच शब्दाचा अर्थ शिकणे वा शिकवणे असा आहे. सहा वेदांगांपैकी ‘शिक्षा’ हे वेदांग तर उच्चारशास्त्र आहे. हिंदीने हा जुना अर्थ सांभाळला, म्हणूनच ‘शिक्षामंत्री’ हे पद मराठी कानाला अजूनही किंचित गमतीचे वाटते. मराठीने ‘शिक्षण’ बाजूला काढून घेतले आणि ‘शिक्षा’ दंडाच्या खात्यात टाकली. ‘शिस्त’ हा शब्द फारसीकडून आला. हिंदी-उर्दूत ‘शिस्त बांधणे’ म्हणजे नेम धरणे. एका शब्दाच्या व्युत्पत्तीवरून साऱ्या समाजाचे मन वाचू नये, हे आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी बजावतो आणि तो नियम येथेही पाळू. तरीसुद्धा शिकवणे आणि दंड करणे या दोन क्रिया आपल्या भाषेत एकाच घरात वाढल्या, एवढे नोंदवून ठेवण्यास हरकत नसावी. या लेखाचा विषय तोच शेजार आहे.

मुलांनी केलेल्या एखाद्या गुन्ह्याची बातमी आली की एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘आमच्या वेळी असे नव्हते.’ हे वाक्य प्राध्यापकांच्या कक्षात ऐकू येते, पालकसभेत ऐकू येते, लग्नाच्या पंगतीतही ऐकू येते. त्याच्या पोटात तीन विधाने दडलेली असतात. पहिले असे, की पूर्वी मुलांना मार बसत असे. दुसरे, त्या मारामुळे त्यांना वळण लागले. आणि तिसरे, मार बंद झाला म्हणून मुले गुन्ह्याकडे वळली. ही तिन्ही विधाने नैतिक वाटली तरी मुळात ऐतिहासिक आहेत, म्हणजेच ती तपासून पाहता येतात. तशी तपासणी फारशी होत नाही, कारण ‘आमच्या वेळी’ म्हणणारा प्रत्येक जण स्वतःच साक्षीदार असतो आणि स्वतःच न्यायाधीश असतो.

पहिले विधान खरे आहे. पंतोजींच्या शाळेत ओणवे उभे राहणे, अंगठे धरणे, उठाबशा काढणे, कान पिळून घेणे हा रोजचा कार्यक्रम होता. आज ‘उचलबांगडी’ हा शब्द अधिकाऱ्याच्या बदलीच्या बातमीत वापरला जातो. हातपाय धरून उचलून नेणे हा त्याचा मूळ अर्थ, आणि शाळा चुकवून दडून बसलेल्या मुलाच्या बाबतीत तो अक्षरशः खरा होता. चार दांडगे सोबती त्याला असे उचलून पंतोजींपुढे आणून टाकीत. १८२०च्या दशकात मुंबई इलाख्यात नव्या धर्तीच्या शाळा निघू लागल्या. त्यांच्यावर बेल व लँकेस्टर यांच्या पद्धतीची छाया होती. वरच्या मुलाने खालच्या मुलांना शिकवावे ही ती पद्धत. यातला अँड्र्यू बेल मद्रासच्या अनाथाश्रमात काम करीत होता, आणि देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहून त्याला आपली पद्धत सुचली. लँकेस्टरला वेत नको होता. पण वेताच्या जागी त्याने गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवणे, चारचौघांत लाजवणे असे उपाय आणले. म्हणजे शरीरावरचा दंड मनावर सरकला, आणि त्यालाच सुधारणा म्हटले गेले. हा प्रकार पुढेही अनेकदा घडणार होता.

‘मारामुळे वळण लागते’ हे विधान त्या शाळांहून कितीतरी जुने आहे. इसापाच्या नावावरची एक गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. लहानपणी चोरीबद्दल आईने न रागावलेला मुलगा पुढे मोठा चोर होतो, आणि वधस्तंभाकडे जाताना कानगोष्ट सांगण्याच्या मिषाने आईच्या कानाचा चावा घेतो. गोष्ट प्रभावी आहे यात शंका नाही. पण तिची रचना ध्यानात घ्यावी. तीत एकच मुलगा आहे, एकच आई आहे. मार खाऊनही चोर झालेला मुलगा तीत नाही, आणि मार न खाता सज्जन निघालेलाही नाही. नीतिकथेला हे चालते. इतिहासाला ते चालत नाही.

आता शाळेतून न्यायालयाकडे वळू, कारण एकोणिसाव्या शतकात ही दोन ठिकाणे एकमेकांच्या फार जवळ आली. १८६०ची भारतीय दंडसंहिता तयार झाली तेव्हा तिच्यातील शिक्षांच्या यादीत फटके नव्हते. चारच वर्षांनी, १८६४च्या फटक्यांच्या कायद्याने ते परत आणले, आणि अल्पवयीन गुन्हेगारासाठी इतर शिक्षेऐवजी फटके देण्याची मुभा दिली. मोठ्या गुन्हेगाराला मारायचा वेत कसा व किती जाड असावा, हेही त्या काळच्या फौजदारी कायद्याने ठरवून दिले. सोळा वर्षांखालील मुलाला मात्र हलक्या वेताने, शाळेतल्या शिस्तीच्या धर्तीवर मारावे, असा निर्देश होता. पुढे १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने मोठ्यांसाठी ३० आणि सोळा वर्षांखालील मुलांसाठी १५ फटक्यांची कमाल मर्यादा घातली.

‘शाळेतल्या शिस्तीच्या धर्तीवर’ या शब्दांपाशी क्षणभर थांबावे असे आम्हांला वाटते. दंडाधिकाऱ्याला मुलाला मारायचे आहे आणि नमुना म्हणून त्याला मास्तर आठवतो. शाळेतली छडी इतकी स्वाभाविक, इतकी निरुपद्रवी मानली गेली होती, की सरकारी फटक्यांना सौम्य ठरवण्यासाठी तिचा दाखला पुरेसा होता. यामागे दयेचा युक्तिवादही होता. मुलाला तुरुंगात सराईतांच्या संगतीत ठेवण्यापेक्षा चार फटके मारून घरी पाठवलेले बरे, असा तो युक्तिवाद. तो सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही. पण एकदा न्यायालयाने मास्तराचे सोंग घेतले की मास्तरालाही आपण छोटे न्यायालय आहोत असे वाटू लागते, आणि हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालला.

त्या १५ फटक्यांनी वळण लागले का, याचे एक उत्तर आपल्या राजकीय इतिहासात आहे. ऑगस्ट १९०७मध्ये कलकत्त्यात न्यायालयाबाहेरच्या गर्दीवर पोलिसांनी हात चालवला, तेव्हा सुशील सेन या पंधरा वर्षांच्या मुलाने एका गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याला उलट मारले. मुख्य प्रेसिडेन्सी दंडाधिकारी किंग्जफर्ड यांनी त्याला १५ फटक्यांची शिक्षा दिली, म्हणजे त्याच्या वयाला कायदा देऊ शकत होता तितकी पुरेपूर. त्या फटक्यांनी मुलगा नमला नाहीच. बंगालमधील क्रांतिकारकांच्या दृष्टीने किंग्जफर्ड हे मात्र मुख्य लक्ष्य होऊन बसले. त्यांची बदली मुझफ्फरपूरला झाली. ३० एप्रिल १९०८ रोजी खुदीराम बोस व प्रफुल्ल चाकी यांनी त्यांची समजून भलत्याच गाडीवर बाँब टाकला आणि दोन निरपराध स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. अठरा वर्षांच्या खुदीरामला ११ ऑगस्टला फाशी झाली. या प्रकरणावर ‘केसरी’त लिहिलेल्या लेखांबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि त्यांना सहा वर्षांसाठी मंडालेला जावे लागले. सगळे काही त्या एका शिक्षेमुळे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण छडीने धाक बसतो असे मानणाऱ्यांनी ही साखळी एकदा नजरेखालून घालावी. १९२१मध्ये बनारसला चंद्रशेखर आझादांना झालेली शिक्षाही तीच होती, वयही तेच होते, आणि परिणाम काय झाला हे सर्वज्ञात आहे.

टिळकांचे नाव आलेच आहे तर शेंगांच्या टरफलांची आख्यायिकाही आठवावी. वर्गात टरफले पडली, गुरुजींनी सर्वांना ती उचलायला सांगितले, आणि शेंगा न खाल्लेल्या बाळ टिळकांनी नकार दिला, अशी ही कथा. ती जशीच्या तशी घडली की नाही हा प्रश्न वेगळा. महाराष्ट्राने ती पाठ्यपुस्तकांतून आणि भाषणांतून मुलांना सतत ऐकवली, हे अधिक महत्त्वाचे. शाळेच्या शिस्तीला नकार देणाऱ्या मुलाचे कौतुक आपण शाळेतच शिकवत आलो. ‘आमच्या वेळी मुले निमूट ऐकत’ असे म्हणणारी पिढी याच कथेवर वाढली, ही विसंगती आमच्या मते बोलकी आहे.

आतापर्यंत ‘मूल’ हा शब्द आम्ही एकवचनी वापरला. इतिहासात तो कधीच एकवचनी नव्हता. १८६०च्या दंडसंहितेने सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा ठरवले नाही. सात ते बारा या वयात त्याची समज पाहायची, आणि बारानंतर तो मोठ्यांच्याच रांगेत. १८८१च्या कारखाना कायद्याने गिरणीत काम करण्याचे किमान वय ठरवले तेही सातच, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाचे नऊ तास राबवण्याची परवानगी दिली. पुढच्याच वर्षी, १८८२मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. बावीस वर्षांत तीन बोटे एकाच वयाकडे रोखलेली दिसतात. कायद्याला बारा वर्षांच्या मुलात पुरता जबाबदार गुन्हेगार दिसतो, गिरणीला हात दिसतात, फुल्यांना विद्यार्थी दिसतो. यांपैकी कोणाला कोणते मूल दिसावे हे त्या मुलाच्या वागणुकीवर ठरत नव्हते. ते बापाच्या धंद्यावर आणि जातीवर ठरत होते.

याचा सर्वांत उघड पुरावा म्हणजे गुन्हेगार जमातींचा कायदा. १८७१ साली तो प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, आणि १९११च्या नव्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. जमातीत जन्मणे हाच संशयाचा आधार. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून औद्योगिक किंवा सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार या कायद्याने सरकारला दिला. सोलापूरच्या सेटलमेंटच्या कुंपणाआड वाढलेल्या मुलाला ‘शिस्त’ या शब्दाचा कोणता अर्थ ठाऊक असेल? त्याच्या बाबतीत शिक्षा आधी होती, गुन्हा मागाहून शोधायचा होता. हा कायदा ऑगस्ट १९५२मध्ये रद्द झाला, पण त्याची सावली लवकर हटली नाही. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) ज्यांनी वाचले आहे त्यांना आठवेल, की तेथे मुलांना मार सोसण्याचेच शिक्षण दिले जाते. पोलिसांनी कितीही बडवले तरी कबुली द्यायची नाही, म्हणून घरच्यांनीच आधी बडवून तयार करायचे. मारातून वळण लागते हे विधान येथे भयंकर रीतीने खरे ठरते. वळण लागते खरे. कोणते, ते मारणाऱ्याच्या इच्छेवर आणि परिस्थितीच्या रेट्यावर अवलंबून असते.

काही मुलांना तर अपराधाशिवायच दंड होता. डॉ. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत शाळेतले वेगळे बसणे, घरून आणलेले गोणपाट आणि शिपाई नसला तर तहानलेले राहणे सांगितले आहे. ही शिक्षा कोणत्याही हजेरीपत्रकात किंवा नियमावलीत नोंदलेली नव्हती. मुलींचेही तसेच. फटक्यांच्या कायद्यातून स्त्रिया वगळलेल्या होत्या, १८९७चा सुधारशाळा कायदा फक्त मुलग्यांचा होता, म्हणून सरकारी दप्तरात मुलगी जवळजवळ सापडत नाही. ती सापडते आत्मचरित्रांत. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये वडिलांच्या सोवळ्याच्या कडेलोटाखाली दबलेले घर आहे, रमाबाई रानड्यांच्या आठवणींत लिहिणे-वाचणे हाच अपराध मानणाऱ्या घरातल्या बायका आहेत. छडीच्या आठवणी अभिमानाने सांगणाऱ्यांत स्त्रिया कमी आढळतात, हे वाचकांच्याही ध्यानात आले असेल.

यावरून एक गोष्ट उघड होते. ‘मार खाल्ला म्हणून घडलो’ हे सांगायला तोच उरतो जो घडला. ज्याने मारापायी शाळा सोडली तो आठवणींचे पुस्तक लिहीत नाही, सेवानिवृत्तीच्या समारंभात बोलायला उभा राहत नाही, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यालाही येत नाही. आपले शालेय स्मरणरंजन हे उत्तीर्णांचे स्मरणरंजन आहे. ते खोटे नाही, पण निम्म्या साक्षीदारांवाचून लागलेल्या निकालासारखे आहे.

येथे कोणी ‘श्यामची आई’चा दाखला देईल, आणि तो द्यायलाच हवा. पोहायला जायला भिणाऱ्या श्यामला आई मारते. मराठी वाङ्मयातला हा कदाचित सर्वांत प्रेमाने लक्षात राहिलेला मार असेल. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५मध्ये ते प्रसिद्ध झाले. म्हणजे सरकारी शिक्षा भोगताना एक मुलगा आईची शिक्षा आठवतो आहे. हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. आईच्या मारात आणि तुरुंगात फरक काय? मारणारी आई स्वतः उत्तरदायी आहे. ती नंतर मुलाला जवळ घेते, कारण सांगते, स्वतःही दुखावते. शासनाच्या फटक्याला हे उत्तरार्ध नसते. पण पुढच्या पिढ्यांनी या प्रसंगातला मार तेवढा उचलला आणि उत्तरार्ध गाळला. त्याच पुस्तकात पाय मातीने मळू नयेत म्हणून पदर पसरणारी आणि पाय जपतोस तसे मन जप असे सांगणारी आईही आहे. तेथे मार नाही, आणि तोच प्रसंग अधिक खोल रुजतो. स्वतः गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात काय केले हेही पाहावे. मुलांनी पसरून ठेवलेल्या खोल्या ते न बोलता आवरीत. धाकाच्या जागी सेवा ठेवून पाहण्याचा तो प्रयोग होता. ज्या लेखकाच्या नावावर आपण मार खपवतो, त्याने शिक्षक म्हणून निवडलेली वाट दुसरीच होती.

अशी वाट चोखाळणारे ते एकटे नव्हते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७च्या सुमारास प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा शाळेत न येणाऱ्या मुलासाठी दंड ठेवला तो पालकाला, महिन्याला एक रुपया. उचलबांगडीच्या परंपरेत हा मोठा बदल होता: मूल शाळेत नाही हा मोठ्यांचा अपराध आहे, मुलाचा नव्हे, असे एका राजाने कायद्याने म्हटले. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२०मध्ये बालमंदिर काढले. तेथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे, अनुताई वाघांच्या साथीने, आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी आणि कुरणशाळा उभ्या केल्या. मूल गुरे राखायला जाते म्हणून शाळेत येत नाही, तर शाळेनेच कुरणात जावे, इतका साधा तो विचार. भय आणि बक्षीस दोन्हींवाचून मूल शिकते, हे या मंडळींनी निबंध लिहून सांगितले तसेच करूनही दाखवले. तेव्हा छडीविरोध ही अलीकडच्या, परदेशातून आलेल्या लाडिक विचारांची देणगी आहे, हा समजही टिकत नाही. तो आपल्या आजोबा-आजींच्या पिढीचाच एक वारसा आहे. तो आपण कमी वेळा सांगितला इतकेच.

कायद्याने ही वाट फार सावकाश धरली. मुंबईत १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. १९२४मध्ये मुंबईचा बालकांविषयीचा कायदा झाला आणि १९२७मध्ये मुंबईत बालन्यायालय आले. न्यायालयीन फटके मात्र स्वातंत्र्यानंतर, १९५५मध्ये रद्द झाले. शाळेतली छडी त्यानंतरही अर्धशतक टिकली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०००मध्ये दिल्लीच्या शाळांना शारीरिक शिक्षेची मुभा देणारा नियम रद्दबातल ठरवला. गोव्याने २००३च्या आपल्या बालक कायद्यात शाळेतील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. संपूर्ण देशासाठी ती २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने आली, आणि तो कायदा १ एप्रिल २०१०पासून अमलात आला. न्यायालयाने मास्तराकडून उसनी घेतलेली छडी न्यायालयाच्या हातून आधी सुटली आणि मास्तराच्या हातून ५५ वर्षांनी, तीही कागदावर. घरातल्या साध्या मारावर थेट बंदी घालणारा कायदा आजही नाही. पालकाने बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला दंडसंहितेने दिलेले संरक्षण २०२४मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे.

आता तिसऱ्या विधानाकडे येऊ: मार बंद झाला म्हणून गुन्हे वाढले. पहिली अडचण अशी, की मार बंदच झाला नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्क्यांनी शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले. तेव्हाची ती मुले आज तिशीच्या आसपास आहेत. न मारता वाढवलेली म्हणून जिच्याकडे बोट दाखवले जाते ती पिढी प्रत्यक्षात मार खाऊनच मोठी झाली आहे.

दुसरी अडचण आकड्यांची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत अल्पवयीनांविरुद्धची प्रकरणे २०१६मध्ये ३५,८४९ होती आणि २०२२मध्ये ३०,५५५. देशातल्या एकूण गुन्ह्यांच्या मानाने हा वाटा फारच थोडा, सुमारे एक टक्क्याच्या घरातला राहत आला आहे. शिवाय आकडा वाढला की मुले बिघडली असे लगेच समजू नये. १९८६च्या बालन्याय कायद्यात मुलगा सोळा वर्षांपर्यंत ‘अल्पवयीन’ होता. २०००च्या कायद्याने ती मर्यादा मुलींप्रमाणेच अठरावर नेली. त्यामुळे २००१मध्ये अल्पवयीन आरोपींची संख्या एकदम फुगली. मुले तीच होती, फक्त ती एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात आली. २०१२च्या पॉक्सो कायद्याने संमतीचे वय अठरा केले, आणि पूर्वी घरच्या घरी मारून मिटवली जाणारी किशोरवयीन प्रेमप्रकरणे फौजदारी दप्तरात येऊ लागली. ‘गुन्हा’ हा शब्दही ‘शिक्षा’सारखाच अर्थ बदलत असतो.

आकडे असे असले तरी समाजाचे मन एखाद्या घटनेने ढवळून निघते, आणि ते समजण्याजोगे आहे. डिसेंबर २०१२च्या दिल्लीतील अत्याचारातील सहा आरोपींपैकी एक सतरा वर्षांचा होता. त्याला तीन वर्षे विशेष गृहात ठेवले गेले, आणि त्या क्षोभातून २०१५चा कायदा आला. सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालवण्याची वाट त्याने मोकळी केली. मे २०२४मध्ये पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण जीव गेले, तेव्हा बालन्याय मंडळाने जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध सांगितला, आणि देशभर संताप उसळला. भाषेच्या शिक्षकांना त्या अटीने विशेष टोचले असेल. निबंध ही शिक्षा नव्हे, आणि दोन जिवांची ती भरपाई तर नव्हेच. पण त्या संतापातही जुना भेद दिसतो. ससूनच्या सुधारशाळेपासून आजच्या निरीक्षणगृहांपर्यंत गरिबाचे मूल भिंतीआड गेले तेव्हा समाजाने फारसे विचारले नाही. सधन घरातला मुलगा निबंधावर सुटतो आहे असे दिसले तेव्हा प्रश्न उठला. रास्त प्रश्न छडी कमी पडली का, हा नव्हताच. एकाच कायद्यापुढे दोन मुले दोन वेगळ्या वजनांची का ठरतात, हा होता.

मग ‘आमच्या वेळी’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांचे सगळेच चुकते का? आम्हांला तसे वाटत नाही. त्यांच्या तक्रारीत एक खरी हानी दडलेली आहे. पूर्वीच्या वाड्यात, आळीत, गावात मूल अनेकांच्या नजरेखाली वाढत असे. आजी रागावे, शेजारचे काका कान धरीत, आणि तेच काका संध्याकाळी खाऊही देत. त्या धाकाला ओळखीचे अस्तर होते. आज ती अनेक माणसे मुलाच्या आयुष्यातून गेली आहेत. उरले आहेत थकून घरी येणारे आईवडील, शाळेतला कॅमेरा आणि शेवटी पोलीस. मधल्या साऱ्या पायऱ्या निखळल्या. ज्येष्ठांना त्या पायऱ्यांची आठवण येते, पण ती आठवण छडीच्या नावाने बाहेर पडते, कारण छडी दिसते, आवाज करते, आणि सोबत तशी दिसत नाही. त्यांच्या बालपणात काही घडवणारे असेल तर ते बहुधा ती सोबत होती. छडी तिच्याबरोबर आली होती, म्हणून श्रेय तिला मिळाले.

आम्ही ज्यांना शिकवतो त्यांतले बरेच जण उद्या शिक्षक होतील. कायद्याने त्यांच्या हातातली छडी काढून घेतली आहे, पण तिच्या जागी काय द्यायचे हे त्यांना कोणी शिकवलेले नाही. हाती काही नसले की माणूस लँकेस्टरच्याच वाटेने जातो: शरीराऐवजी मनाला मारतो, टोमण्याने, तुलनेने, वर्गापुढे गुणपत्रक वाचून. हा मार कोणत्याही पाहणीत पुरता मोजला जात नाही. कोसबाडच्या कुरणात आणि अमळनेरच्या छात्रालयात जे करून पाहिले गेले ते अध्यापक विद्यालयांत एखाद्या टिपेपुरते उरले आहे, ही आपल्या व्यवसायाची उणीव आहे. ती भरून काढणे कठीण आहे, कारण सोबतीला वेळ लागतो आणि साठ-सत्तर मुलांच्या वर्गात वेळच सर्वांत महाग असतो. तरीही ‘आमच्या वेळी’ या शब्दांनी सुरू होणारे वाक्य पुढच्या खेपेस ऐकू आले तर ‘तुमच्या वर्गातली बाकीची मुले कोठे गेली?’ एवढे विचारून पाहावे. त्या मुलांची नावे आठवू लागली, की छडीचा इतिहास खऱ्या अर्थाने लिहायला सुरुवात होईल.